इंग्रजीचे व्याकरण आणि घरची बोली

व्याकरणाच्या पुस्तकाचे परीक्षण सहसा कोणी लिहीत नाही. कादंबरीचे होते, कवितासंग्रहाचे होते, एखाद्या स्मरणिकेचेही होते; पण ज्या पुस्तकावर घरातल्या मुलाची नोकरी, मुलीचे नर्सिंगचे शिक्षण आणि दोघांचाही चारचौघांत बोलण्याचा धीर अवलंबून असतो, ते इंग्रजी शिकवणारे पुस्तक परीक्षा आटोपली की रद्दीत जाते. त्याने काय शिकवले, कोणाला समोर धरून शिकवले, हे कोणी विचारीत नाही. आमच्या मते हे प्रश्न साहित्याचेच आहेत. प्रत्येक पुस्तकाला आपला एक वाचक अभिप्रेत असतो. इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकांना अभिप्रेत असलेला वाचक आणि ते प्रत्यक्षात हाती घेणारे आपल्या धर्मग्रामातले मूल यांची गाठ पडते किंवा नाही, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

आम्ही हे लिहितो ते मूर्तिजापुरात बसून, आणि या विषयाला हे गाव सोयीचे आहे. मुंबईहून नागपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर अकोला आणि बडनेरा यांच्या मधले हे जंक्शन. येथूनच एकीकडे यवतमाळला आणि दुसरीकडे अचलपूरला अरुंद रुळांची 'शकुंतला' जात असे. विसाव्या शतकाच्या आरंभी किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीच्या व्यवस्थेखाली ती सुरू झाली ती मुख्यतः वऱ्हाडचा कापूस वाहून नेण्यासाठी. १९९४ पर्यंत तिला वाफेचे इंजिन ओढीत होते; आज त्या रुळांवर गाडी नाही. या रेल्वेने वऱ्हाडच्या बोलीत इंग्रजी शब्दांची रास आणून टाकली. 'टेशन', 'सिंगल', 'गारड' हे शब्द कास्तकाराच्या तोंडी विनासायास बसले. शब्द असे गाडीत बसून येतात. व्याकरण मात्र गाडीत बसून येत नाही. (गावाच्या नावातल्या 'जा'साठी रेल्वेने 'झेड' पसंत केला, इतरत्र 'जे'ही आढळतो. कोणते बरोबर, यावर आमच्या गावात अजून एकमत व्हायचे आहे.)

पण फलाटावर जरा कान देऊन उभे राहावे. गाडी येत असल्याची घोषणा तीन भाषांत होते. इंग्रजीत 'इज अरायव्हिंग', हिंदीत 'आ रही है', मराठीत 'येत आहे'. आणि ती ऐकून बाकावरची आजी नातवाला म्हणते, "ऊठ, गाडी येऊन राहिली." आमच्या मते इंग्रजी क्रियापदाचा पहिला धडा या चार वाक्यांत आहे, आणि तो आजवर कोणत्याही पुस्तकाने घेतलेला आमच्या पाहण्यात नाही.

थोडे स्पष्ट करतो. पुण्यामुंबईच्या बोलण्यात 'मी शाळेत जातो' या एकाच वाक्याची तीन कामे होतात. रोजचा परिपाठ सांगायचा तरी 'जातो', या क्षणी उंबरा ओलांडत असताना निरोप घ्यायचा तरी 'जातो', आणि उद्याचा बेत सांगायचा तरी 'उद्या जातो'. लिहिताना 'जात आहे' म्हणून वेगळे रूप करता येते, परंतु बोलताना ते कोणी नेमाने वापरीत नाही. वऱ्हाडी मुलाचे तसे नाही. तो रोज शाळेत 'जातो', पण वाटेत कोणी हटकले तर 'शाळेत जाऊन राहिलो' म्हणतो. पोरगं रोज खेळते, आत्ता मात्र खेळून राहिले असते. परिपाठ आणि चालू क्रिया यांच्यामध्ये तो भिंत घालतो, आणि इंग्रजीही जवळजवळ त्याच जागी भिंत घालते: 'आय गो' वेगळे आणि 'आय ॲम गोइंग' वेगळे. 'तू काय करून राहिला?' असा प्रश्न ज्याला पाळण्यापासून ऐकू येतो, त्याला 'व्हॉट आर यू डुइंग?' ही नवलाई नाही. वऱ्हाडी बोलीला ही सोय कोठून मिळाली हेही उघड आहे. हिंदीच्या 'रहा है'शी तिचे नाते आहे. वऱ्हाड १९०३ पासून मध्य प्रांताला जोडलेला होता आणि १९५६ पर्यंत हिंदी मुलखासमवेत एकाच राज्यकारभाराखाली राहिला, आणि त्याच्याही पूर्वीपासून हिंदीचा शेजार होताच.

शाळेत काय होते? पहिल्याप्रथम या मुलाला सांगितले जाते की 'जाऊन राहिलो' हे अशुद्ध आहे. 'राहिलो' म्हणजे भूतकाळ, तू राहिलास कोठे? मग त्याला 'जात आहे' शिकविले जाते. त्यानंतर 'जात आहे'चे 'ॲम गोइंग' होते. जो ओढा एका उडीत ओलांडता आला असता त्यावर दोन पूल बांधले, आणि पहिल्या पुलावर पोराच्या आईच्या भाषेचा अपमान जकात म्हणून वसूल केला. पुढे परीक्षेत तो 'आय ॲम गो' लिहितो तेव्हा आपण म्हणतो, वऱ्हाडी पोरांना इंग्रजी येत नाही.

बोलीने सारे भागते असे मात्र आम्ही म्हणणार नाही. 'समजून राहिलं का?' असे वऱ्हाडात सहज विचारतात, 'काही दिसून नाही राहिलं' असेही म्हणतात. या वाटेने सरळ इंग्रजीत गेले की 'आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग' तयार होते, आणि ते इंग्रजीला चालत नाही. जाणणे, समजणे, दिसणे, हवे असणे, जवळ असणे या स्थिती इंग्रजी चालू क्रियेच्या साच्यात सहसा बसवीत नाही. हा फरक एका पानात समजावून सांगता येतो. आमची तक्रार एवढीच की ते एक पान लिहिलेले नाही.

आता पुस्तकांकडे वळू.

मराठी माणसाच्या इंग्रजीवर सर्वांत दीर्घ सत्ता चालविली ती तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने. एकोणिसाव्या शतकातली ही पाठमाला पिढ्यान्‌पिढ्या घोटली गेली आणि आजही दुकानात मिळते. (मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग हेही तर्खडकरच, परंतु पाठमालाकार वेगळे. हे आडनाव ज्या तर्खड गावावरून आले ते आपल्या वसईतले, ही गोष्ट आपल्या वाचकांस सुखावेल.) या पाठमालेला आज हसण्याची पद्धत आहे. सुटी सुटी वाक्ये, ज्यांना मागचापुढचा संबंध नाही. घरात, बाजारात कोणी कधी उच्चारणार नाही असे संवाद. आणि बोलण्याचा सराव जवळजवळ नाहीच. हे आक्षेप खरे आहेत. पण तिचे मोठेपण या आक्षेपांखाली दडपले गेले. या पाठमालेला विद्यार्थ्याची मराठी लाजिरवाणी वाटत नाही. तो मराठी जाणतो, हे भांडवल समजून ती त्याच्याशी व्यवहार करते. इंग्रजी वाक्य मराठीत आणा, मराठी वाक्य इंग्रजीत न्या, या येरझारीत मुलाला दोन भाषांच्या मधली फट दिसू लागते. आणि व्याकरण कळणे म्हणजे ती फट दिसणेच होय.

एक उदाहरण घेऊ. मराठीत 'हॅव' हे क्रियापदच नाही. 'मला दोन भाऊ आहेत', 'माझ्याजवळ पैसे आहेत', 'आमच्याकडे गाय आहे', 'तिला ताप आहे' अशी चार वाक्ये घ्या. आपण नाते एका प्रत्ययाने दाखवितो, हातातला पैसा एका शब्दाने, दारातली गाय दुसऱ्याने. ताप तर आपल्या मालकीचा नसतोच, तो आपल्याकडे येतो. इंग्रजी या चौघांनाही 'हॅव'च्या एका दाव्याला बांधते. मराठी मूल 'माय नियर इज मनी' असे काहीबाही लिहिते तेव्हा ते चुकते खरे, पण त्याच्या चुकीत मराठीचा एक बारीक विवेक शिल्लक असतो. भाषांतर करायला लावणारे पुस्तक निदान ही ठेच लागू देते. जे पुस्तक मराठीचे नावच काढीत नाही, त्याच्या वाचकाला ठेच लागते ती मुलाखतीच्या खोलीत.

तर्खडकरांचे उणे कोठे? त्यांना अभिप्रेत असलेला मराठी विद्यार्थी ग्रांथिक मराठीत विचार करणारा आहे. त्या काळी तो तसाच असणार, कारण इंग्रजी शिकायला येणारा वर्गच लहान होता. वऱ्हाडातले, खानदेशातले, वसईच्या वाड्यांतले मूल त्यांच्या डोळ्यांपुढे नव्हते. एका मराठीशी त्यांनी इंग्रजीची गाठ घातली. मराठ्या अनेक आहेत.

रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणाची गोष्ट निराळी आहे. १९३० च्या दशकात निघालेले हे पुस्तक इंग्रजी माध्यमाच्या शाळांत बायबलासारखे मानले जाते; आपल्या धर्मभगिनींच्या शाळाही याला अपवाद नसाव्यात. पी. सी. रेन हे कादंबरीकार होते, 'बो जेस्ट' ही त्यांची कादंबरी १९२४ ची. मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात त्यांनी नोकरी केली होती. पुस्तकाची मांडणी शिस्तीची आहे, उदाहरणे नेमकी आहेत, सरावाची वाक्ये भरपूर आहेत. एन. डी. व्ही. प्रसाद राव यांनी पुढे त्याची सुधारलेली आवृत्ती केली तेव्हा ते अधिक उपयुक्तही झाले. परंतु इंग्रजीचे व्याकरण ते इंग्रजीतच सांगते. नाम म्हणजे काय हे ज्या वाक्यात सांगितले ते वाक्य समजण्यास लागणारे इंग्रजी मुलाला आधीच यावे, अशी त्याची अपेक्षा आहे. ज्याच्या कानावर घरीदारी इंग्रजी पडते त्याला हे ठीक. त्याला चूक काय ते कान सांगतो आणि पुस्तक त्या चुकीला नाव देते. ज्याचा कान वऱ्हाडीवर पोसला आहे, तो व्याख्या पाठ करतो. व्याख्या बिनचूक म्हणणारी आणि दोन वाक्ये धड जोडू न शकणारी मुले वाचकांनीही पाहिली असतील.

'रॅपिडेक्स'विषयी सुशिक्षितांत तुच्छतेने बोलतात. आम्ही बोलणार नाही. साठ दिवसांत इंग्रजी, ही त्याची प्रतिज्ञा भाबडी असेल. कपिल देव यांची जाहिरात हा धंद्याचा भाग असेल. पण दुकानात, टपाल कार्यालयात, दवाखान्यात काय बोलावे हे त्याने सांगितले, तेही मराठीतून, आणि ज्याला विचारायची लाज वाटते अशा प्रौढ माणसाला दार लावून शिकण्याची मुभा दिली. या मुभेची किंमत मोठी आहे. त्याची अडचण अशी की वाक्य हातात येते, वाक्य घडविण्याची रीत येत नाही. छापील वाक्याच्या बाहेरचा प्रश्न समोरच्याने विचारला की संभाषण तेथेच थांबते.

बालभारतीच्या पुस्तकांवर येथे फार रेंगाळत नाही. जून २००० पासून महाराष्ट्रात इंग्रजी पहिलीपासून आले, ही पालकांच्या मागणीला दिलेली मोठी मान्यता होती. पहिलीतल्या मुलाला व्याकरण शिकवू नये, गाणी आणि बोलणे शिकवावे, हे धोरणही योग्य. प्रश्न येतो तो पाचवी-सहावीनंतर. तोवर गाण्यांवर आलेले मूल अचानक काळांच्या तक्त्यासमोर उभे राहते.

हा तक्ता म्हणजे शिकवणी वर्गांची कुलदेवता. बारा घरे, बारा नावे, बारा सूत्रे. स्पोकन इंग्लिशच्या प्रत्येक क्लासच्या भिंतीवर तो असतो. मराठी व्याकरणातही आपण काळांचे बारा प्रकार शिकतो, म्हणून शिक्षक आणि विद्यार्थी दोघेही समजतात की घरासमोर घर आहे. येथे एक मोठी गफलत आहे. मराठीतले चार उपप्रकार असे: साधा, अपूर्ण, पूर्ण आणि रीती. इंग्रजी तक्त्यातले चौघे: साधा, चालू, पूर्ण आणि चालू पूर्ण. पहिले तीन नावापुरते जुळतात. चौथे अजिबात जुळत नाही. मराठीचा रीती वर्तमानकाळ, 'मी दर रविवारी मिस्साला जात असतो', इंग्रजीत जातो तो साध्या वर्तमानकाळात, कारण इंग्रजी साध्या वर्तमानकाळाचे मुख्य काम रीत सांगण्याचेच आहे. उलट 'मी दहा वर्षांपासून मूर्तिजापुरात राहतो' या साध्यासुध्या मराठी वाक्याला इंग्रजीत 'हॅव बीन लिव्हिंग' अशी तीन मजली इमारत लागते. म्हणजे मराठीचा साधा काळ इंग्रजीच्या चौथ्या घरात, आणि मराठीचा चौथा काळ इंग्रजीच्या पहिल्या घरात. तक्ता ही अदलाबदल दाखवीत नाही. नावे जुळली म्हणून अर्थ जुळले, असे तो मुलाला भासवितो.

जी घरे जुळल्यासारखी वाटतात तेथेही पाय घसरतो. 'काल मी अकोल्याला गेलो होतो' हे निर्दोष मराठी आहे. काल घडून गेलेली, आता मागे पडलेली गोष्ट आपण 'गेलो होतो' अशीच सांगतो. तक्त्यात 'गेलो होतो'समोर 'हॅड गॉन' आहे. मूल लिहिते, 'यस्टर्डे आय हॅड गॉन टु अकोला'. इंग्रजीत 'हॅड गॉन' उभे राहायला भूतकाळातली दुसरी एखादी घटना लागते. मी गेलो होतो, तेवढ्यात पाहुणे आले, असे काही. नुसत्या कालच्या फेरीला 'वेंट' पुरे. या एका चुकीने पदवीधरांचे अर्जसुद्धा बरबटलेले असतात, आणि ती चूक आळसाची नाही. तक्ता प्रामाणिकपणे पाठ केल्याची आहे.

मराठी आणि इंग्रजी व्याकरणांची नावे जुळतात हा योगायोग नव्हे, हेही सांगितले पाहिजे. दादोबांनी १८३६ साली 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' प्रसिद्ध केले तेव्हा त्यांच्यापुढे इंग्रजी व्याकरणांचा नमुना होता. नामापासून केवलप्रयोगी अव्ययापर्यंत शब्दांच्या ज्या आठ जाती आपण शाळेत शिकलो, त्या इंग्रजीच्या आठ जातींशी तंतोतंत भिडतात त्या यामुळे. मराठीचा विचार करणारी दुसरी परंपरा वऱ्हाडाला परकी नाही. अमरावती जिल्ह्यातले रिद्धपूर हे महानुभावांचे मोठे स्थान, आणि मराठीच्या व्याकरणाचा सर्वांत जुना विचार सांगणारा भीष्माचार्यांचा 'पंचवार्तिक' हा ग्रंथ त्याच पंथातला. तेव्हा इंग्रजीच्या साच्यातून मराठीकडे पाहायचे आणि मग त्याच मराठीवरून इंग्रजी शिकायचे, असा हा दुहेरी फेरा आहे. साचा टाकून द्यावा असे नाही. पण तो साचा आहे हे शिक्षकाला ठाऊक असावे.

या ठिकाणी आपल्या वाचकांना फादर थॉमस स्टीफन्स यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. हा इंग्लंडचा येशूसंघीय १५७९ साली गोव्याला आला आणि चाळीस वर्षे येथल्या लोकांत राहिला. त्याचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली राशोल येथे छापले गेले. सुमारे ११ हजार ओव्यांचे ते मराठी महाकाव्य आपल्या अभिमानाचा विषय आहे. त्याचे कोकणी व्याकरण मात्र अभिमानाने सांगणारे थोडे. ते त्याच्या मृत्यूनंतर, १६४० साली, राशोललाच छापले गेले आणि भारतीय भाषेचे ते पहिले छापील व्याकरण मानले जाते. स्टीफन्स इंग्रज होता, व्याकरण कोकणीचे होते, आणि लिहिले गेले पोर्तुगीजमध्ये. कारण शिकणारे धर्मगुरू पोर्तुगीज जाणणारे होते. लॅटिन व्याकरणाचा साचा त्यानेही वापरला, तो त्या काळाचा एकमेव साचा होता. पण शिकणाऱ्याला जी भाषा येते त्या भाषेतून शिकवावे, याबद्दल त्याच्या मनात संशय नव्हता. १५८३ साली भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने येथल्या भाषांचे ग्रीक आणि लॅटिनशी असलेले साम्य नोंदविले आहे. ज्याला दोन भाषा शेजारी ठेवून पाहण्याची सवय आहे, त्यालाच असे साम्य दिसते.

मिशनरी गुरूने चारशे वर्षांपूर्वी पाळलेला हा नियम त्याच्या वारसांच्या शाळांत आज का पाळला जात नाही, हे आम्हांस उमगत नाही. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मराठी बोलल्यास दंड, अशी प्रथा काही ठिकाणी होती आणि असेल. दंडाने कान घडत नाही.

आणि आपल्याजवळ तर असे एक साधन आहे जे इतरांजवळ नाही. आपल्या मुलांना प्रभूची प्रार्थना दोन्ही भाषांत पाठ असते. ती अर्थासकट पाठ आहे, हे विशेष. तिच्याइतका चांगला तुलनात्मक व्याकरणाचा धडा शोधून सापडणार नाही. जुन्या इंग्रजी पाठात 'दाय' येते. मूल विचारते, हे काय? पुस्तकात तर 'युअर' असते. त्याला सांगावे की इंग्रजीतही एके काळी 'तू' होता. 'दाऊ' म्हणजे तू, 'दाय' म्हणजे तुझे. 'यू' हे मूळचे अनेकवचन, मग आदरार्थी. पुढे इंग्रज माणूस सर्वांनाच, धन्याला आणि कुत्र्यालाही, 'यू' म्हणू लागला, आणि जुना 'तू' मुख्यतः प्रार्थनेत देवापाशी उरला. आपणही देवाला 'तू'च म्हणतो, आईला म्हणतो तसा. एवढे सांगितले की मुलाला 'यू'सोबत 'आर' का आणि 'इज' का नाही, हेही समजते. ते अनेकवचन आहे. ते आपल्या 'फादर आले आहेत'सारखे आहे. उलट इंग्रजीत फादर कितीही आदरणीय असले तरी एकटेच असतात: 'फादर हॅज कम'. आपली मुले 'फादर हॅव कम' लिहितात ती उद्धट नसल्यामुळे.

त्याच प्रार्थनेत राज्याविषयी बोलताना 'कम' येते, 'कम्स' नाही. वर्गात 'एस' विसरला म्हणून ज्याचा गुण गेला आहे ते मूल येथे अडखळते. 'येवो' हा शब्द त्याच्यापुढे ठेवला की अडचण संपते. 'येते' वेगळे, 'येवो' वेगळे. एक सांगणे, दुसरे मागणे. मराठीत हा फरक क्रियापदाच्या रूपावर ठळक उमटतो, इंग्रजीत तो जवळपास पुसला गेला आहे आणि प्रार्थनेसारख्या जुन्या जागी शिल्लक आहे. व्याकरणाची पुस्तके हा प्रकार आडकोपऱ्यात ठेवतात. आपले मूल तो रोज झोपण्यापूर्वी म्हणते.

आणि 'आमच्या'. पित्याला उद्देशून आपण 'आमच्या' म्हणतो, 'आपल्या' म्हणत नाही, कारण ज्याच्याशी बोलतो आहोत तो त्या 'आम्ही'त नाही. मिस्सात धर्मगुरू 'आपण प्रार्थना करू या' म्हणतात तेव्हा सारी मंडळी त्यात येतात. इंग्रजीत दोहोंना 'वुई' आणि 'अवर'. 'फादर, वुई आर गोइंग टु अमरावती' असे कोणी म्हटले तर फादरांनी पिशवी भरायची की निरोप द्यायचा, हे त्या वाक्यावरून कळत नाही. येथे मराठी श्रीमंत आहे, हे मुलाला कधी तरी सांगायला हवे. इंग्रजी शिकताना आपली भाषा प्रत्येक वेळी उणीच निघते अशी समजूत करून घेतलेले मूल पुढे दोन्ही भाषांत मुके होते.

ही भीती आम्ही मनाने उभी केलेली नाही. शहरांकडच्या, आणि आता तालुक्याच्या गावांतल्याही, आपल्या घरांत एक नवी भाषा ऐकू येते. 'हँड वॉश कर', 'राइस फिनिश कर', 'ग्रँडमाला विश कर'. आईबाप मराठी शाळेत शिकलेले, मूल इंग्रजी माध्यमात. त्याच्या कानावर इंग्रजी पडावे या मायेपोटी ते आपली वऱ्हाडी टाकून असे बोलतात. मायेबद्दल आम्ही काय बोलणार? पण या वाक्यांत इंग्रजीचे काय आहे ते पाहावे. शब्द इंग्रजी आहेत, रचना पूर्ण मराठी आहे: कर्म आधी, क्रिया शेवटी, आणि सारे 'कर'च्या खुंटीला टांगलेले. रेल्वेने 'टेशन' आणि 'सिंगल' आणले होते त्याच जातीचा हा माल आहे. मुलाच्या पदरी इंग्रजीची वाक्यरचना पडली नाही, आणि 'हात धुऊन घे', 'भात संपव' यांतले 'घे' आणि 'संपव' गेले ते गेलेच. त्यापेक्षा घरात अस्सल वऱ्हाडी बोलावे आणि संध्याकाळी अर्धा तास अस्सल इंग्रजी मोठ्याने वाचावे.

ख्रिस्तसभेने हा प्रश्न एकदा सोडविलेला आहे. आपल्या आजोबांच्या पिढीने लॅटिन प्रतिसाद पाठ म्हटले, त्यांतल्या विभक्ती कोणाला कळल्या नाहीत. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज प्रसृत केला आणि मातृभाषेला वेदीजवळ जागा मिळाली. आता काही धर्मग्रामांतून तरुणांसाठी इंग्रजी मिस्साची मागणी होते. ती अवश्य व्हावी. फक्त ती मुले इंग्रजी समजतात म्हणून व्हावी. मराठी कळेनासे झाले आणि इंग्रजी अजून कळायचे आहे अशा अवस्थेत ती झाली, तर आजोबांचे लॅटिन नातवाच्या वाट्याला पुन्हा येईल.

आम्हांस हवे असलेले पुस्तक लहान असेल. त्यात वऱ्हाडीच्या 'करून राहिला'पासून चालू काळ शिकवलेला असेल, काळांचा तक्ता आडव्या रेघांनी जोडलेला असेल, आणि 'हॅव'समोर चार मराठी वाक्ये असतील. वसईच्या सामवेदी आणि वाडवळ बोलींत इंग्रजीला जवळच्या कोणत्या वाटा आहेत, हे त्या घरांतल्या शिक्षकांनी लिहावे. आम्ही परक्या मुलखातले, आमचा तेथे अधिकार नाही.

काही ठिकाणी कोणतीच बोली कामास येणार नाही असे आम्ही बराच काळ 'ए' आणि 'द'विषयी मानीत होतो. मराठीला हे उपपद नाही. 'एक' आणि 'तो' यांच्यावर भागवायचे, पण ते सर्वत्र बसत नाहीत. तरीही एक उदाहरण येथे ठेवतो. इंग्रजीत उपासनेसाठी जाणारा 'गोज टु चर्च', त्याला 'द' नको. छप्पर गळते म्हणून शिडी घेऊन जाणारा गवंडी 'गोज टु द चर्च', त्याला 'द' हवा. पहिल्याला जायचे ते उपासनेला, दुसऱ्याला इमारतीकडे. आपल्या घरी काय म्हणतात? आजी रविवारी 'मिस्साले जातो' म्हणते. गवंड्याबद्दल मात्र ती कधीच तसे म्हणत नाही. तो 'चर्चवर कामाले गेला' असतो.